सॅलमिस : बंदराच्या समोरील बेट

ग्रीसची राजधानी अथेन्स आणि तिचे बंदर पायरीअस ही नावे शालेय पुस्तकांमुळे सर्वांच्या परिचयाची आहेत. या बंदराच्या पश्चिमेस अगदी हाकेच्या अंतरावर समुद्रात उघड्या टेकड्यांची एक रांग दिसते. तेच सॅलमिस बेट होय. आजच्या ग्रीक भाषेत त्यास सलामिना म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यास हे नाव इ. स. पूर्व ४८० मधील आरमारी लढाईमुळे ठाऊक असते. परंतु लढाईचे वर्णन संपले की पाठ्यपुस्तकातील बेटही संपते. वास्तविक, लढाईपूर्वी कित्येक शतके येथे मनुष्यवस्ती होती व आजही सुमारे ३७ हजार लोक येथे कायम राहतात. विशेष असे की, या लहानशा बेटावरील मुख्य गावाने आजवर अनेकदा आपली जागा बदलली आहे. कधी ते नैर्ऋत्येस होते, कधी पूर्वेस, तर कधी पश्चिमेच्या उपसागराकाठी. ही स्थलांतरे का झाली याचा शोध घेऊ लागल्यास उत्तर बहुतेक वेळा बेटावर सापडत नाही; ते समोरच्या किनाऱ्यावर सापडते.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. सायप्रसमध्येही सॅलमिस नावाचे एक प्राचीन नगर होते व अनेकदा या दोहोंची गल्लत होते. या बेटाचा दंतकथेतील राजा टेलामॉन याचा पुत्र ट्यूसर याने सायप्रसमधील नगर वसविले, अशी ग्रीकांची परंपरा आहे. नाव एक असले तरी स्थळे दोन असून त्यांमध्ये शेकडो मैलांचा समुद्र आहे.

भूरचना

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस किलोमीटर असून सरॉनिक आखातातील बेटांत ते सर्वांत मोठे आहे. त्याचा आकार पश्चिमेकडे तोंड असलेल्या चंद्रकोरीसारखा किंवा घोड्याच्या नालासारखा आहे. नालाच्या पोकळीत सॅलमिसचा उपसागर शिरलेला आहे. त्यामुळे बेट लहान असूनही किनारा लांब व दंतुर झाला आहे, आणि मधोमध बेटाची कंबर इतकी अरुंद आहे की, पूर्वेच्या धक्क्यावरून पश्चिमेच्या मुख्य गावात थोड्या वेळात पायी जाता येते. दक्षिणेकडील भाग डोंगराळ आहे. तेथील माव्रोवुनी, म्हणजे काळा डोंगर, हे सर्वोच्च शिखर ४०४ मीटर उंचीचे आहे. खडक बहुतांशी चुनखडीचा. पावसाळा हिवाळ्यात येतो व तोही बेताचाच. बारमाही नदी एकही नाही. नैर्ऋत्येच्या उतारांवर पाइन वृक्षांची राने टिकून आहेत. अन्यत्र ऑलिव्ह, द्राक्षवेली व खुरटी झुडपे आढळतात.

बेटाचे स्थान मात्र त्याच्या आकारापेक्षाही महत्त्वाचे आहे. मुख्य भूमीवरील एल्युसिसच्या उपसागराच्या तोंडावर ते एखाद्या बुचासारखे बसलेले आहे. पूर्वेस पायरीअसच्या बाजूने एक व पश्चिमेस मेगाराच्या बाजूने दुसरी, अशा दोन चिंचोळ्या सामुद्रधुन्यांतूनच त्या उपसागरात प्रवेश होतो. पूर्वेची सामुद्रधुनी काही ठिकाणी दीड-दोन किलोमीटरहून फारशी रुंद नाही. आतले पाणी यामुळे तळ्यासारखे संथ राहते. नांगरून ठेवलेल्या जहाजांना ही गोष्ट सोयीची. परंतु त्या पाण्यात एकदा मिसळलेली घाण लवकर बाहेर निघून जात नाही, ही तिची दुसरी बाजू होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एल्युसिसच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरण व इतर अवजड उद्योग उभे राहिले तेव्हा या दुसऱ्या बाजूचा प्रत्यय आला.

पहिली दोन गावे

इसवी सनाच्या प्रारंभाच्या सुमारास होऊन गेलेला भूगोलवेत्ता स्ट्रेबो याने लिहून ठेवले आहे की, बेटाचे प्राचीन नगर ईजायना बेटाकडे व दक्षिणेकडे तोंड करून होते आणि त्याच्या काळचे नगर अ‍ॅटिकाच्या बाजूस होते. हे विधान अनेक शतके केवळ ग्रंथात राहिले. नैर्ऋत्य किनाऱ्यावरील कनाकिया येथे यानोस लोलोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने केलेल्या उत्खननांत मायसीनीय काळातील मोठ्या वस्तीचे अवशेष उघडकीस आले, तेव्हा स्ट्रेबोच्या शब्दांना जमिनीचा आधार मिळाला. इ. स. पूर्व तेराव्या शतकात भरभराटीस आलेली ही वस्ती इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास ओस पडली. तेथे चिलखताचा एक कांस्य तुकडा सापडला असून त्यावर इजिप्तचा राजा दुसरा रॅमसीझ याची नाममुद्रा आहे. एवढ्याशा बेटाचा संबंध किती दूरवर पोहोचला होता हे त्यावरून दिसते. ‘इलियड’मधील महावीर एजॅक्स हा टेलामॉनचा पुत्र व याच बेटाचा अधिपती. कनाकिया हीच त्याची राजधानी, असे लोलोस यांचे मत आहे. पण होमरच्या वीराला एखाद्या उत्खननाशी जोडताना जी सावधगिरी हवी ती येथेही बाळगावयास हवी.

त्या काळी बेटाचे तोंड दक्षिणेच्या खुल्या समुद्राकडे, सागरी व्यापाराच्या वाटांकडे होते. पुढे अथेन्सचा उदय झाला आणि बेटाचे तोंड पूर्वेकडे वळले.

ही वळण घेण्याची क्रिया सुखासुखी झाली नाही. बेट कोणाचे, यावरून अथेन्स व मेगारा या दोन नगरराज्यांमध्ये दीर्घकाळ झगडा चालला. नकाशा पाहिल्यास दोघांचाही हक्क सारखाच भासतो, कारण एक सामुद्रधुनी एकाच्या दारात आहे तर दुसरी दुसऱ्याच्या. सततच्या अपयशाने कंटाळून अथेन्सने या विषयाची चर्चाच बंद केली होती. तेव्हा सोलनने एक काव्य रचून लोकांना पुन्हा चेतविले, असे प्लूटार्क सांगतो. अखेर निवाडा स्पार्टाच्या पाच पंचांकडे गेला. तेथे अथेन्सच्या बाजूने दोन प्रकारचे पुरावे मांडले गेल्याची परंपरा आहे. एजॅक्सने आपली जहाजे अथेन्सच्या जहाजांशेजारी लावली, हा होमरच्या काव्यातील उल्लेख हा पहिला. ती ओळ सोलननेच घुसडली, असा आरोप त्या काळीही होता. दुसरा पुरावा अधिक व्यावहारिक. बेटावरील जुन्या कबरींत प्रेते अथेन्सच्या पद्धतीने पुरलेली आहेत, असे सोलनने दाखवून दिले. सीमातंट्यात काव्य व कबरी दोन्ही पुराव्यास यावेत हे आजही लक्षात राहण्यासारखे आहे. निकाल अथेन्सच्या बाजूने लागला.

त्यानंतरचे मुख्य नगर पूर्व किनाऱ्यावर, आजच्या अँबेलाकिया गावाजवळ वाढले. अँबेलाकिया या नावात द्राक्षवेलींचा निर्देश आहे. याच्या लगतच किनोसुरा, म्हणजे ‘कुत्र्याचे शेपूट’, नावाचा लांब, निमुळता भूभाग समुद्रात शिरला आहे. इ. स. पूर्व ४८० च्या सप्टेंबरमध्ये जे घडले ते याच भूभागाच्या अवतीभवती.

आसऱ्याचे बेट

इराणचा सम्राट झर्क्सीझ अ‍ॅटिकात उतरला तेव्हा अथेन्सच्या नागरिकांनी शहर रिकामे केले. कुटुंबे ट्रीझन, ईजायना व सॅलमिस या ठिकाणी हलविण्यात आली. शहर जाळले जात असताना उठलेला धूर बेटावरून दिसला असेल, इतके ते जवळ आहे. ग्रीक आरमाराने मागे हटून कॉरिंथच्या संयोगभूमीपाशी लढावे असे अनेक सेनानींचे म्हणणे होते. थिमिस्टोक्लीझने मात्र अरुंद पाण्याचा आग्रह धरला. हीरॉडोटसच्या मते ग्रीकांची जहाजे साडेतीनशेहून अधिक होती. शत्रूची त्याने हजारावर दिली आहेत, आधुनिक अभ्यासक ती संख्या बरीच कमी धरतात. कोणताही आकडा घेतला तरी खुल्या समुद्रात ग्रीकांचा निभाव लागणे कठीण होते. सामुद्रधुनीत शिरलेल्या इराणी जहाजांना आपल्या संख्येचीच अडचण झाली. सकाळी ठराविक वेळी समुद्राकडून वारा सुटून या खाडीत लाटा उठतात व तोवर थिमिस्टोक्लीझने वाट पाहिली, असे प्लूटार्कने नमूद केले आहे. स्थानिक भूगोलाचे ज्ञान हे त्या दिवशी एक शस्त्र ठरले. झर्क्सीझ समोरच्या एगालेओ डोंगराच्या उतारावर बसून हे सर्व पाहत होता. एस्किलसने इ. स. पूर्व ४७२ मध्ये या लढाईवर ‘पर्शियन्स’ हे नाटक रंगभूमीवर आणले.

शहराने संकटकाळी बेटाचा आसरा घ्यावा हा प्रसंग एकदाच घडला असे नाही. १६८८ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने अथेन्स सोडले तेव्हा तुर्कांच्या भीतीने बाहेर पडलेल्या अथेन्सवासीयांपैकी अनेकांनी सॅलमिस गाठले. १८२१ पासूनच्या स्वातंत्र्ययुद्धात तर अथेन्सच्या कुटुंबांना पुन्हा पुन्हा येथे यावे लागले. १८२७ मध्ये फॅलरमजवळ मृत्यू पावलेला सेनानी कराइस्काकिस याचे दफन याच बेटावरील सेंट दिमित्रियसच्या चर्चमध्ये झाले. वायव्य टोकाचा फानेरोमेनी मठ हाही त्या युद्धात निर्वासितांचे आश्रयस्थान झाला होता. या मठात १७३५ मध्ये आर्गॉसच्या गेऑर्गिओस मार्कू या चित्रकाराने काढलेली भित्तिचित्रे आहेत.

तिसरे गाव

अँबेलाकियाचे वैभव इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत ओसरले. दुसऱ्या शतकात आलेला प्रवासी पॉसेनिअस याने तेथील बाजारपेठेचे भग्नावशेष व एजॅक्सचे मंदिर पाहिले. त्यानंतर बेटाची मुख्य वस्ती पश्चिमेस, चंद्रकोरीच्या पोकळीतील उपसागराकाठी गेली. तिचे नाव कुलूरी. ग्रीसमध्ये तीळ लावलेल्या गोल कड्याच्या आकाराच्या पावास कुलूरी म्हणतात, आणि लोक हे नाव बेटाच्या आकाराशी जोडतात. मध्ययुगाच्या अखेरीनंतर येथे अल्बेनियन बोलीच्या, अर्वानाइट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांची वस्ती झाली. त्यांची अर्वानितिका बोली अलीकडच्या पिढ्यांपर्यंत घराघरांतून ऐकू येत असे.

कुलूरीचे स्थान नकाशावर पाहिले की तिची रचना ध्यानात येते. समोरच्या सामुद्रधुनीकडे या गावाने पाठ फिरविली आहे. ज्या काळी पायरीअस हे जवळजवळ ओस बंदर होते व समुद्रावर चाच्यांचे भय होते, त्या काळी कोळी व शेतकरी यांच्या गावाने आतल्या शांत पाण्याकाठी, शेतजमिनीजवळ राहावे हे स्वाभाविक होते. दक्षिणेस मुलकी हे दुसरे जुने गाव. ग्रीक राज्याने पुढे अनेक गावांची नावे बदलून प्राचीन नावे दिली, त्यात मुलकीचे एआंतिओ, म्हणजे एजॅक्सचे गाव, झाले. वृद्ध माणसांच्या तोंडी मात्र जुनी नावे राहिली. सरकारी नामांतराचा हा अनुभव सर्वत्र सारखाच दिसतो.

बंदर वाढले

१८३४ मध्ये अथेन्स स्वतंत्र ग्रीसची राजधानी झाली आणि पायरीअसचे बंदर नव्याने उभे राहू लागले. त्याबरोबर बेटाच्या पूर्व बाजूला पुन्हा महत्त्व आले. १८८१ च्या सुमारास ग्रीक नौदलाचा मुख्य तळ बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर आणण्यात आला व तो आजही तेथेच आहे. सामुद्रधुनीतील सेंट जॉर्ज या चिमुकल्या बेटावर परदेशातून येणाऱ्या जहाजांवरील लोकांसाठी संसर्गरोधक स्थानक होते. २३ एप्रिल १९४१ रोजी जर्मन विमानांनी नौदलतळावर हल्ला करून ‘किल्किस’ व ‘लेम्नोस’ या दोन जुन्या युद्धनौका बुडविल्या.

तळाशेजारचे पालुकिया हे आजचे प्रवेशद्वार होय. पैलतीरावरील पेरामा या उपनगराच्या नावाचा अर्थच ‘उतार’, म्हणजे पाणी ओलांडण्याची जागा, असा आहे. या दोहोंमध्ये फेरीबोटी रात्रंदिवस चालतात व पार व्हावयास पाव तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो. पुढचा दरवाजा आडवा पाडून मोटारी थेट आत घेणाऱ्या या सपाट बोटींना ग्रीक लोक ‘पांदोफ्ला’, म्हणजे सपाता, म्हणतात. सकाळी बेटावरील कामगार पेरामाच्या जहाजदुरुस्ती कारखान्यांकडे, पायरीअसच्या गोद्यांकडे व अथेन्सच्या कचेऱ्यांकडे जातात, सायंकाळी परततात. व्यवहारतः सॅलमिस हे महानगराचे एक उपनगर झाले आहे, फक्त वाटेत समुद्र आहे.

भूखंड, घरे आणि कायदा

दुसऱ्या महायुद्धानंतर अथेन्स महानगराची लोकसंख्या झपाट्याने वाढली. १९५१ मध्ये ती १४ लाखांच्या आत होती, १९८१ मध्ये ३० लाखांवर गेली. खेड्यापाड्यांतून आलेले हे कामगार आधी शहरात लहान सदनिकेत राहू लागले. पुढे चार पैसे हाती आल्यावर समुद्राकाठी एक जमिनीचा तुकडा असावा ही इच्छा त्यांना झाली. दूरची, नामांकित बेटे त्यांच्या आवाक्यात नव्हती. सॅलमिस स्वस्त होते, जवळ होते. शेते, द्राक्षमळे व पाइनची राने यांचे लहान लहान तुकडे पडले. सेलिनिया हे पूर्व किनाऱ्यावरील विहारस्थान आधीपासून होते. आता दक्षिण किनाऱ्यावरील पेरिस्टेरिया, काकी व्हिग्ला आदी ठिकाणीही घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. ज्या गुहेत बसून युरिपिडीझ नाटके लिहीत असे अशी आख्यायिका आहे, ती गुहा पेरिस्टेरियाच्या वरच्या बाजूस आहे. तिच्या उत्खननात त्याच्या नावाची अक्षरे कोरलेले एक भांडेही मिळाले. ते अर्थात त्याच्या नंतरच्या काळातील भाविकांनी वाहिलेले असावे.

यांतील पुष्कळशी घरे मंजूर नगररचना योजनेच्या बाहेर व परवान्याविना बांधली गेली. आधी एक खोली, मग ओसरी, मग वरचा मजला, अशी ती वाढली. रस्ते आधी आखून मग घरे होण्याऐवजी घरे आधी झाली व त्यांच्यामधून उरलेली जागा हाच रस्ता ठरला. १९८३ मध्ये ग्रीक संसदेने नगररचनाविषयक कायदा केला. अशा वस्त्यांना योजनेत सामावून घ्यावे, त्यासाठी जमीनमालकांनी जमिनीचा काही भाग व पैसा या रूपाने हिस्सा द्यावा, असे त्याचे सूत्र होते. सूत्र न्याय्य होते. परंतु बांधून झालेल्या घराच्या अंगणातून रस्त्यासाठी जागा मिळविणे ही कागदावरील गोष्ट नव्हे. नंतर २०११, २०१३ व २०१७ मध्ये दंड भरून बांधकामे नियमित करण्याचे कायदे आले. त्यांतून घरमालकांना निश्चिंतता लाभली व सरकारी तिजोरीत भर पडली. गेलेले रान आणि न सुटलेली शाळेची जागा मात्र दंडाच्या पावतीने परत मिळत नाही.

स्थानिक कारभाराची अडचण येथेच आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार बेटाची कायम लोकसंख्या सुमारे ३७ हजार. उन्हाळ्यात प्रत्यक्ष राहणाऱ्यांची संख्या याच्या कित्येक पट होते. पाणी, कचरा, रस्त्यांवरील दिवे यांची गरज दुसऱ्या आकड्यानुसार वाढते. कायम रहिवाशांचा हिशेब पहिल्याच आकड्यावर राहतो. बेटास स्वतःचा पुरेसा जलस्रोत नसल्याने पाणी अथेन्सच्या जलव्यवस्थेतून समुद्राखालच्या नळांनी आणावे लागते. विखुरलेल्या वस्त्यांत भुयारी गटारे नेणे खर्चाचे असल्याने अनेक घरे दीर्घकाळ शोषखड्ड्यांवर अवलंबून राहिली. २०११ पर्यंत बेटावर सलामिना व अँबेलाकिया अशा दोन नगरपालिका होत्या. त्या वर्षी अमलात आलेल्या ‘कालिक्रातिस’ या स्थानिक स्वराज्य पुनर्रचनेने त्यांची एकच नगरपालिका करण्यात आली.

शहराचा भार

सामुद्रधुनीच्या तोंडाशी प्सितालिया नावाचे एक निर्मनुष्य बेट आहे. ४८० च्या लढाईत तेथे उतरलेल्या इराणी सैनिकांना अरिस्टायडीझने कापून काढले होते. विसाव्या शतकात अथेन्सचे सांडपाणी मोठ्या गटाराने केरात्सिनी येथे, सॅलमिसच्या बरोबर समोर, प्रक्रिया न करता समुद्रात सोडले जात होते. समुद्रकाठी घर बांधलेल्या माणसास त्याच पाण्यात उतरण्याची धास्ती वाटावी, अशी ही परिस्थिती. १९९४ मध्ये प्सितालियावर सांडपाणी प्रक्रिया केंद्र सुरू झाले आणि २००४ च्या सुमारास त्यात जैविक प्रक्रियेची भर पडली. युरोपातील अत्यंत मोठ्या केंद्रांत त्याची गणना होते. सरॉनिक आखाताचे पाणी त्यानंतर सुधारले, हे निःसंशय. शहराचा नको असलेला भाग बेटांच्या दारात आणून ठेवण्याची जुनी पद्धत मात्र चालू राहिली, अशीही तक्रार ऐकू येते. आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

१० सप्टेंबर २०१७ रोजी पायरीअसच्या बाहेर नांगरलेले ‘अगिया झोनी २’ हे जुने तेलवाहू जहाज शांत हवेत बुडाले. त्यावर सुमारे अडीच हजार टन तेल होते. काळा तवंग सर्वप्रथम सॅलमिसच्या सेलिनिया व किनोसुरा या किनाऱ्यांवर लागला आणि त्यानंतर अथेन्सच्या दक्षिणेकडील श्रीमंत उपनगरांच्या पुळणीवर पोहोचला. कोळ्यांची जाळी व भोजनगृहांचा उरलेला हंगाम दोन्ही वाया गेले. किनारा साफ करण्याचे काम कित्येक महिने चालले.

पायरीअसची वाढ मात्र थांबलेली नाही. तेथील कंटेनर धक्के २००९ मध्ये चालविण्यासाठी चीनच्या कॉस्को कंपनीकडे गेले व २०१६ मध्ये बंदर प्राधिकरणाचे बहुसंख्य भागही तिने घेतले. ते धक्के पेरामाच्या लगत, म्हणजे सॅलमिसच्या समोरच आहेत. बेटास मुख्य भूमीशी समुद्राखालील बोगद्याने जोडण्याची योजना अनेक वर्षे चर्चेत आहे. जोराच्या वाऱ्यात फेरीबोटी थांबल्या म्हणजे रुग्णास शहरातील रुग्णालयात कसे न्यावे, हा प्रश्न बोगद्याचे समर्थक विचारतात. पाव तासाचा समुद्रही राहिला नाही तर उरलेल्या रानाचे व शेतांचेही भूखंड पडतील, ही शंका दुसऱ्या बाजूची. पालुकिया, सेलिनिया व अँबेलाकिया येथील गेल्या पन्नास-साठ वर्षांचा अनुभव पाहता ही शंका निराधार म्हणता येत नाही.

अँबेलाकियाच्या उथळ उपसागरात, जेथे आजूबाजूला जहाजदुरुस्तीची आवारे व गंजत पडलेली जहाजे दिसत, तेथे २०१६ पासून ग्रीक पुरातत्त्वज्ञांनी पाण्याखालील पाहणी हाती घेतली. प्राचीन काळापासून समुद्राची पातळी वाढल्यामुळे अभिजात काळच्या बंदराचा बराचसा भाग पाण्यात गेला आहे. गुडघाभर ते पुरुषभर खोलीवर त्यांना भिंती, बंधारे व एका मोठ्या सार्वजनिक इमारतीचा पाया आढळला. ४८० च्या सप्टेंबरमध्ये ग्रीक आरमाराचा एक भाग याच पाण्यात नांगरलेला होता. पालुकियाहून तेथे जाण्यास पक्का रस्ता आहे, आणि ओहोटी व ऊन अनुकूल असेल त्या दिवशी काही दगड काठावरूनही दिसतात.